एम. टेक्. : घरून की महाविद्यालयात?

आदिलाबाद जिल्ह्यातील इंद्रवेल्ली हे गोंडी, तेलुगू, मराठी अशा अनेक भाषा एकत्र नांदणारे गाव. सन २००८ मध्ये बासर येथे राजीव गांधी ज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ सुरू झाल्यापासून या परिसरातील ग्रामीण मुलामुलींना अभियंता होण्याची वाट अधिक जवळची झाली. पदवीनंतर मात्र नवा प्रश्न उभा राहतो : एम. टेक्. साठी वरंगळ, हैदराबाद वा नांदेड गाठावे, की घरीच राहून ऑनलाइन शिकावे? घरी राहिल्यास वसतिगृहाचा खर्च वाचतो व शेतीलाही हातभार लागतो. परंतु निर्णयापूर्वी तीन गोष्टी पारखून घेणे अगत्याचे आहे.

पहिली गोष्ट मान्यतेची. सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ रोजी दिलेल्या निकालानुसार, आवश्यक मंजुरी नसताना काही अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांपैकी अनेक रद्द झाल्या. कष्टाचा पैसा व उमेदीची वर्षे वाया गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमावलीनेही सर्वसाधारण विद्यापीठांना अभियांत्रिकीचे अभ्यासक्रम दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने चालविण्यास मज्जाव केला आहे. संसदेच्या स्वतंत्र कायद्याखालील आय. आय. टी. संस्थांची गोष्ट वेगळी. त्यांपैकी कानपूरच्या संस्थेने नोकरदारांसाठी गेट परीक्षेची अट नसलेला 'ई-मास्टर्स' हा ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केला आहे. तथापि, ती पदवी 'एम. टेक्.' या नावाची नाही. ज्यांना अध्यापक व्हावयाचे आहे त्यांनी ती त्या पदासाठी ग्राह्य धरली जाईल किंवा नाही, याची लेखी खातरजमा आधीच करून घ्यावी.

दुसरी गोष्ट खर्चाची. गेट उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त संस्थेत पूर्णवेळ एम. टेक्. करणाऱ्या पात्र विद्यार्थ्यास अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेकडून दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. ऑनलाइन शिकणाऱ्यास ते मिळत नाही. त्यामुळे घरचा मार्ग स्वस्त दिसला, तरी हिशेबाअंती तोच महाग ठरण्याचा संभव असतो.

तिसरी गोष्ट विषयाची. संगणकशास्त्राचा बराच अभ्यास पडद्यासमोर होऊ शकतो. स्थापत्य, यंत्र वा विद्युत अभियांत्रिकीत मात्र काँक्रीटचा ठोकळा यंत्राखाली दाबून फुटताना पाहावा लागतो, यंत्र हाताळावे लागते. प्रयोगशाळेची उणीव चित्रफितीने भरून निघत नाही.

सारांश, नोकरी सांभाळून ज्ञान वाढवू इच्छिणाऱ्यास नामांकित संस्थेचा ऑनलाइन अभ्यासक्रम उपयुक्त ठरेल. नवपदवीधराने मात्र गेटची तयारी करून पूर्णवेळ प्रवेशाचाच प्रयत्न करणे हिताचे होय. या तयारीसाठी आय. आय. टी. संस्थांनी २००३ पासून उभारलेल्या 'एन. पी. टी. ई. एल.' या उपक्रमाची व्याख्याने घरबसल्या विनामूल्य ऐकता येतात. गावातील शिक्षकांनी ही माहिती पालकांपर्यंत पोहोचवावी, आणि कोठेही शुल्क भरण्यापूर्वी मान्यतेचा कागद पाहण्याचा आग्रह धरावा.