महारोहिणीतील ग्राफ्टनंतर उशिरा उद्भवणारे उपद्रव : ओळख व व्यवस्था

हृदयापासून निघून पोटातून खाली जाणारी महारोहिणी ही शरीरातील सर्वांत मोठी रक्तवाहिनी होय. पोटात तिचा व्यास साधारणपणे २ सें. मी. असतो. तो ३ सें. मी. वा त्याहून अधिक झाल्यास त्यास विस्फार, म्हणजेच ॲन्युरिझम, असे म्हणतात. बिडी-सिगारेटचे व्यसन, वाढते वय, उच्च रक्तदाब व कौटुंबिक वारसा यांमुळे हा विकार होण्याचा संभव वाढतो. पुरुषांत व्यास ५.५ सें. मी. झाला म्हणजे सामान्यतः शस्त्रक्रियेचा विचार केला जातो.

पूर्वी पोट उघडून विस्फारित भागाच्या जागी कृत्रिम नळी शिवणे हाच मार्ग होता. १९८७ साली खारकिव्ह येथे व्होलोडोस यांनी छातीतील महारोहिणीत, तर १९९० साली ब्युनॉस आयर्स येथे पारोदी यांनी पोटातील महारोहिणीत, मांडीतील रोहिणीच्या वाटेने धातूच्या जाळीची व कापडी अस्तराची नळी बसविली. हीच स्टेंट-ग्राफ्ट पद्धती होय. यात रुग्ण थोड्याच दिवसांत घरी जातो. परंतु विस्फाराची पिशवी शरीरातच राहते. केवळ रक्ताचा प्रवाह नळीतून वळविलेला असतो. नळी निसटली, फाटली वा गळू लागली, तर पिशवीवर पुन्हा दाब येतो.

ब्रिटनमध्ये १९९९ ते २००४ या काळात १,२५२ रुग्णांवर आरंभिलेल्या तुलनात्मक अभ्यासात हेच दिसून आले. प्रारंभी ग्राफ्टच्या गटात मृत्यू कमी झाले. परंतु २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घकालीन निष्कर्षांनुसार आठ वर्षांनंतर विस्फारामुळे होणारे मृत्यू याच गटात अधिक आढळले. पिशवी पुन्हा फुटणे हे त्याचे मुख्य कारण होते.

या निष्कर्षाचा ग्रामीण भागाशी निकटचा संबंध आहे. सौसर तालुक्यातील बोरगावचे उदाहरण घ्यावे. २०२३ साली निर्माण झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यातील हे गाव नागपूर-छिंदवाडा मार्गावर आहे. येथील संत्राबागायतदाराने नागपुरास ग्राफ्ट बसवून घेतला, असे समजा. पाच वर्षांनी पहाटे त्याची पाठ दुखू लागल्यास प्रथम त्यास तपासणार तो जवळचा डॉक्टर. ते दुखणे मूतखड्याचे वा कंबरेचे समजून वेदनाशामक देऊन त्यास घरी पाठविले, तर मौल्यवान वेळ वाया जाईल.

प्रमुख उपद्रव

१. गळती : नळीच्या वरच्या वा खालच्या टोकाशी होणारी पहिल्या प्रकारची, आणि सांधा सुटल्याने वा कापड फाटल्याने होणारी तिसऱ्या प्रकारची गळती धोक्याची असते, ती विनाविलंब दुरुस्त करावी लागते. दुसऱ्या प्रकारात कंबरेच्या वा आतड्याच्या लहान शाखांतून रक्त उलट पिशवीत येते. ही सर्वांत अधिक आढळते व पुष्कळदा आपोआप थांबते. पिशवी वाढत असेल, तरच उपचारांचा विचार होतो.

२. नळी सरकणे : पिशवीच्या वरील निरोगी भाग कालांतराने रुंदावतो व नळीची पकड सुटते. यातूनच पहिल्या प्रकारची गळती होते.

३. शाखा बंद पडणे : नळीच्या एका पायाकडील शाखेत गुठळी होते. चालताना पोटरी वा नितंब दुखणे, किंवा पाय एकाएकी गार, फिका व नाडीहीन होणे ही लक्षणे होत.

४. जंतुसंसर्ग : हा विरळा, परंतु प्राणघातक असतो. रेंगाळणारा ताप, वजन घटणे व पाठदुखी यांवरून संशय घ्यावा. रक्ताची उलटी वा काळी शौचास होणे हे नळी व आतडे यांत मार्ग झाल्याचे लक्षण असू शकते.

प्राथमिक केंद्रावरील कर्तव्य

ग्राफ्ट बसविलेल्या रुग्णास पोटात वा पाठीत नव्याने वेदना झाल्यास, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, पिशवी फुटत आहे असेच मानावे. पोटात ठोके देणारी गाठ हातास न लागल्याने हा संशय दूर होत नाही. दोन रुंद सुया शिरेत बसवाव्या. रुग्ण शुद्धीवर असेल, तर रक्तदाब पूर्ववत् करण्यासाठी सलाईनचा भडिमार करू नये. दाब वाढल्यास रक्तस्राव वाढतो. रक्तवाहिनी-शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयास दूरध्वनीने कळवून १०८ रुग्णवाहिकेने रुग्णास थेट तेथे न्यावे. पाय गार पडल्यासही हीच घाई करावी. हेपारिन देण्यापूर्वी त्या रुग्णालयाचा सल्ला घ्यावा. जंतुसंसर्गाचा संशय असून प्रकृती स्थिर असल्यास प्रतिजैविकापूर्वी रक्ताचा नमुना संवर्धनासाठी घ्यावा.

आजन्म देखरेख

पहिल्या महिन्यात सी. टी. स्कॅन करण्याची व पुढे ठराविक मुदतीने, बहुधा दरवर्षी, रंगीत डॉप्लर सोनोग्राफी करण्याची प्रथा आहे. पिशवी आकसत असल्यास समाधान मानावे. वाढत असल्यास पुन्हा स्कॅन आवश्यक ठरते. स्कॅनपूर्वी क्रिएटिनिन पाहावे. रक्तदाब नियंत्रित ठेवावा व बिडी सोडावयास लावावी.

बरे वाटते म्हणून तपासणी टाळणाऱ्या रुग्णास आणि घरच्या मंडळींस ही गोष्ट समजावून सांगावी की, बहुतेक गळतींस वेदना नसते. ग्राफ्टचे कार्ड, शस्त्रक्रियेची तारीख व पिशवीचे शेवटचे माप एका पिशवीत घालून ते घरात सर्वांस ठाऊक असलेल्या जागी ठेवावयास सांगावे. रात्री गाडीत बसताना रुग्णाबरोबर ते कागद गेले, तर पुढील डॉक्टरांचा बराच वेळ वाचतो.