बाळाला बदामाचं दूध देण्याआधी

एक वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी बदामाचं, ओट्सचं, नारळाचं किंवा तांदळाचं दूध देऊ नका. घरी काढलेलं नको आणि महागड्या खोक्यातलंही नको. इतक्या ठामपणे सांगते आहे, कारण त्याचा परिणाम मी माझ्या नातीच्या पायांवर पाहिला आहे.

माझी सगळी नोकरी अंगणवाड्यांमध्ये गेली. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर मी मुख्यसेविका होते. 1992 साली तिथल्याच वावर-वांगणीत कुपोषणाने बालमृत्यू झाले आणि साऱ्या महाराष्ट्राचं लक्ष त्या डोंगरांकडे गेलं. त्यानंतरच्या वर्षांत वजनकाटा आणि दंडघेर मोजायची पट्टी हीच माझी हत्यारं होती. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला, की मूल तीव्र कुपोषित. आणि दोन्ही पायांवर सूज असेल, तर काटा आणि पट्टी काहीही सांगो, मूल तीव्र कुपोषितच. पायाच्या पाठीवर अंगठा दाबून मनात तीन सेकंद मोजायचे आणि उचलायचा. खड्डा राहिला, की त्या बाळाला त्याच दिवशी दवाखान्यात पोचवायचं. सेविकाताईंना हे शिकवण्यात माझी किती वर्षं गेली.

तो खड्डा मला निवृत्तीनंतर पुण्यात, लिफ्ट असलेल्या इमारतीत, माझ्याच घरात दिसला.

नात पाच महिन्यांची असताना सून कामावर रुजू झाली. वरचं दूध म्हणून पावडरचं दूध सुरू केलं, तर अंगावर पित्त उठायला लागलं, उलट्या झाल्या, शीमध्ये रक्त दिसलं. बालरोगतज्ज्ञांनी निदान नीट केलं: गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी. त्यांनी प्रथिनं आधीच फोडलेली असतात अशी खास पावडर लिहून दिली. ती फार महाग, वासाला उग्र आणि चवीला कडवट. नात तोंड फिरवायची, थुंकायची. त्यात सुनेचं दूधही आटत गेलं. अशा वेळी आईबाप ज्याला-त्याला विचारतात. एका आहारसल्लागाराने सांगितलं, की पावडरीतली रसायनं कशाला, बदामाचं दूध द्या, नैसर्गिक आहे, मेंदूला चांगलं. खोक्यावर बदामांचं सुंदर चित्र होतं. नातीला ते आवडलं. बाटली संपू लागली आणि घर सुखावलं.

मी तेव्हा गावी होते. नातीला नऊ महिन्यांची गोवरची लस देऊन झाली होती, पुढची लस लांब होती, त्यामुळे मधल्या काळात ती काट्यावर चढलीच नाही. पहिल्या वाढदिवसाला सगळे जमलो, तेव्हा जो येईल तो गालाला हात लावून म्हणत होता, ‘किती छान बाळसं धरलंय!’ मी तिला मांडीवर घेतलं. केस विरळ, तांबूस झालेले. ढोपरांजवळची कातडी काळपट होऊन सोललेली. ती सतत किरकिरत होती, आणि खेळणं पुढे केलं तरी हात उचलत नव्हती. मी मोजे काढले, अंगठा दाबला, तीन मोजले.

संध्याकाळी ती रुग्णालयात होती. रक्तातलं अल्ब्युमिन खूप खाली गेलं होतं. डॉक्टरांनी सावकाश, थोडं-थोडं करत आहार वाढवला, कारण अशा बाळाला घाईने भरपूर खायला घातलं तर जिवावर बेततं. सुरुवातीला तिचं वजन उतरलं. मुलगा घाबरला. मी त्याला म्हटलं, ‘बाबा रे, ही सूज उतरते आहे, हेच व्हायला हवं.’ सुजेचं पाणी काट्यावर वजन बनून दिसतं, म्हणून अशा बाळांच्या बाबतीत काटाही फसवतो.

नात उपाशी कधीच नव्हती, हे नीट समजून घ्या. ती बाटली संपवत होती, मऊ भात खात होती, फळांचा गर खात होती. पोट भरत होतं, पण त्यात पुरेशी प्रथिनं नव्हती. जव्हारच्या पाड्यावर घरात डाळ नसते म्हणून जे होतं, तेच इथे खोकी भरून आणलेली असताना झालं.

आता आकडे सांगते, कारण आकड्यांशिवाय हे पटत नाही. आईच्या 100 मिलिलिटर दुधात प्रथिनं एक ग्रॅमच्या आसपासच असतात, पण ऊर्जा सत्तर कॅलरीच्या जवळ. बिनसाखरेच्या बदामपेयात तेवढ्यात प्रथिनं साधारण अर्धा ग्रॅम आणि ऊर्जा पंधरा-वीस कॅलरी. बाकी पाणी. सहा ते बारा महिन्यांच्या बाळाची निम्मी किंवा त्याहून जास्त ऊर्जा आईच्या दुधातून मिळू शकते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या निम्म्या वाट्याच्या जागी जवळजवळ पाणी आलं, तर उरलेला मऊ भात बाळाला कुठवर पुरणार?

हे माझ्याच घरी घडलं असंही नाही. अमेरिकेत अटलांटाच्या डॉक्टरांनी 2001 साली दोन लहान मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. एकाला तांदळाच्या पेयावर वाढवलं होतं, त्याला सुजेचं कुपोषण झालं. दुसऱ्याला सोयाच्या पेयावर, त्याला मुडदूस. दोन्ही घरं सुशिक्षित. स्पेनमधल्या अकरा महिन्यांच्या बाळाची हकीकत 2016 साली छापून आली. अंगावर पुरळ आलं म्हणून अडीच महिन्यांपासून त्याला बदामाच्या पेयावर ठेवलं होतं. त्याला ‘क’ जीवनसत्त्वाअभावी होणारा स्कर्व्ही झाला, मांडीची हाडं मोडली. मुळातली तक्रार त्वचेची होती!

वर्षाच्या आतल्या बाळाला दुधाची ॲलर्जी असेल तर मग काय? आईचं दूध येत असेल तर ते सोडू नका. आईनेच दूध, दही, ताक, पनीर, खवा बंद करायचा, स्वतः कॅल्शियमच्या गोळ्या घ्यायच्या आणि पाजत राहायचं. आईचं दूध नसेल किंवा पुरत नसेल, तर डॉक्टरांनी लिहिलेली खास पावडरच द्यायची. चव नकोशी असते, म्हणून डॉक्टरांना विचारून सुरुवातीला काढलेल्या अंगच्या दुधात थोडी-थोडी मिसळत प्रमाण वाढवता येतं. बाळ जितकं लहान, तितकं ते लवकर सरावतं. सहा महिन्यांनंतर काही बाळांना सोयाची बाळपावडर चालते, पण काहींना सोयाही सोसत नाही, म्हणून तो निर्णय डॉक्टरांचा. आणि बाळासाठीची सोया पावडर वेगळी, दुकानातलं खोक्यातलं सोया पेय वेगळं. या दोहोंची अदलाबदल करू नका.

शेळीचं दूध सुचवणारे तर घरोघरी भेटतात. मलाही सांगितलं. गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक बाळांना शेळीचं आणि म्हशीचंही दूध बाधतं, प्रथिनांची जात तीच. त्यात शेळीच्या दुधात फोलेट फारच कमी.

दुसरी एक गल्लत मी फार वेळा पाहते. जुलाब झाले, दूध पचेना, की लगेच ‘ॲलर्जी आहे’ म्हणून दूध कायमचं बंद. जुलाबानंतर आतड्याला दुधातली साखर काही दिवस पचत नाही, आणि आतडं बरं झालं की पचू लागते. हा वेगळा प्रकार आहे. निदान झाल्याशिवाय बाळाच्या ताटातलं काहीही कायमचं काढू नका.

वर्ष पूर्ण झाल्यावर गोष्ट थोडी सोपी होते, कारण मूल घरचं जेवायला लागतं. तेव्हाही सगळी पेयं सारखी नसतात. इथे सांगितलेल्या पेयांपैकी प्रथिनांत गाईच्या दुधाच्या जवळ जातं ते फक्त सोया: 100 मिलिलिटरला तीन ग्रॅमच्या आसपास, गाईच्या दुधात सव्वातीन. अमेरिकेतल्या बालरोग, आहार, हृदयरोग आणि बालदंत क्षेत्रांतल्या चार संस्थांनी 2019 साली एकत्र बसून सांगितलं, की पाच वर्षांच्या आतल्या मुलांना दुधाऐवजी वनस्पतीजन्य पेय देऊ नये, आणि गरजच असेल तर कॅल्शियम-जीवनसत्त्वं मिसळलेलं सोयाच द्यावं. ब्रिटनची आरोग्यसेवा जरा सैल आहे, वर्षानंतर बिनसाखरेचं, कॅल्शियम मिसळलेलं ओट्स किंवा बदामाचं पेय संतुलित आहारासोबत चालेल म्हणते. पण तांदळाचं पेय पाच वर्षांपर्यंत नकोच, असं तीही सांगते, कारण तांदूळ जमिनीतला आणि पाण्यातला आर्सेनिक शोषून घेतो. माझा कौल सोयाला.

ओट्सच्या पेयात प्रथिनं एक ग्रॅमच्या घरात. ते करताना ओट्सचा स्टार्च फोडतात, त्यातून साखर तयार होते, म्हणून ‘साखर घातलेली नाही’ असं लिहिलेल्या खोक्यातही साखर सापडते. नारळाच्या पेयात प्रथिनं नावापुरतीच. सोलकढीला काढतो ते नारळाचं दूध जेवणात जरूर असू द्या, पण दुधाची जागा ते घेऊ शकत नाही.

घरी बदाम वाटून केलं तर ते शुद्ध असतं, हे खरं. पण दहा बदाम म्हणजे बारा-तेरा ग्रॅम. त्यात प्रथिनं अडीच ग्रॅम, कॅल्शियम तीसेक मिलिग्रॅम, आणि गाळल्यावर चोथ्याबरोबर त्यातलंही काही गेलं. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला 500 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. म्हणजे बदाम वाटत बसून ते कधीच पुरं होणार नाही. बदाम न गाळता, बारीक पूड करून खिरीत घाला, त्याचा उपयोग जास्त. पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातात अख्खा बदाम मात्र देऊ नका, श्वासनलिकेत अडकतो.

खोकं घ्याल तेव्हा पुढचं चित्र सोडा आणि ते उलटं करा. आपल्याकडे खाद्यसुरक्षा प्राधिकरणाने 2021 मध्ये अशा मालावर ‘दूध’ लिहू नका असं बजावलं, म्हणून ‘ड्रिंक’ किंवा ‘बेव्हरेज’ दिसेल. मागच्या तक्त्यात 100 मिलिलिटरचा रकाना वाचा. काही तक्ते पेल्याच्या हिशेबाने असतात आणि आकडे मोठे दिसतात. प्रथिनं तीन ग्रॅमच्या जवळ हवीत. कॅल्शियम 120 मिलिग्रॅमच्या आसपास हवं, आणि ते बाहेरून मिसळलेलं असतं, सगळ्या कंपन्या मिसळतातच असं नाही. डी आणि बी-12 जीवनसत्त्वं आहेत का ते पाहा. साखर, गूळ, मध, खजुराचा पाक, चॉकलेटची चव यांतलं काही असेल तर खोकं परत फळीवर ठेवा. मिसळलेलं कॅल्शियम तळाशी बसतं, म्हणून दर वेळी खोकं हलवूनच ओता.

बी-12 बद्दल दोन शब्द जास्त बोलते. वनस्पतींमध्ये ते भरवशाचं मिळत नाही. आपल्याकडच्या शाकाहारी घरांत मुलाला ते दूध-दह्यातूनच मिळतं. दूध गेलं आणि अंडं-मासेही नाहीत, तर डॉक्टरांकडून बी-12 चं औषध लिहून घ्यावंच लागेल. हे टाळू नका, त्याच्या कमतरतेचा घाव मेंदूवर बसतो.

बाकीचं आपल्या स्वयंपाकघरात आहे. नाचणीत 100 ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. सत्त्व करताना आपण चोथा टाकतो, आणि नाचणीचं कॅल्शियम सालीतच जास्त, म्हणून दात आल्यावर पिठाची भाकरी, आंबील द्या. तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला पिठात मिसळा. मूगडाळीची घट्ट खिचडी, तिच्यावर तेल किंवा शेंगदाण्याचं कूट. चालत असेल त्या घरी अंडं, आणि जवळा-सुकट धुऊन, भाजून, पूड करून भातात. नवा पदार्थ एका वेळी एकच आणि थोडा. डाळीचं वरचं पाणी म्हणजे डाळ नव्हे, हे मी पाड्यावर सांगत होते, सोसायटीतही सांगते. आणि ज्या मुलांना गाईचं दूध सोसतं, त्यांनाही वर्षानंतर दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर नको, भूक मरते आणि रक्त कमी होतं.

नातीचे केस पुन्हा काळे झाले आहेत. दुधाची ॲलर्जी बहुतेक मुलांची तीन ते पाच वर्षांपर्यंत जाते, तिचीही जाईल असं डॉक्टर म्हणतात. आता त्यांच्या देखरेखीखाली ती भाजलेल्या पदार्थातलं थोडंसं दूध खाऊन पाहते आहे. हे घरी मनाने करू नका, पुरळ वेगाने उठू शकतं, श्वास कोंडू शकतो.

घरात दोन वर्षांच्या आतलं मूल दूध पीत नसेल, तर दर महिन्याला त्याचं वजन करा आणि माता-बाल संरक्षण कार्डावरच्या आलेखात टिंब भरा. रेषा आडवी झाली किंवा खाली वळली, तर पुढच्या लसीपर्यंत थांबू नका. अंगणवाडी सहा वर्षांखालच्या सगळ्या मुलांसाठी आहे, शहरातही आहे, तिथे वजन करायला पैसे पडत नाहीत. या महिन्यात वजन झालं नसेल, तर उद्या सकाळीच बाळाला घेऊन जा, आणि सेविकाताईंना सांगा, पायावर अंगठाही दाबून बघा.