ध्वनिवर्धकाची परीक्षा

शास्त्राचा धडा पुस्तकांतून शिकणें निराळें आणि तोच धडा प्रत्यक्ष अंगावर येऊन शिकणें निराळें. गेल्या स्नेहसंमेलनाच्या आधीं एका शनिवारीं दुपारीं आमच्या गिरगांवांतील सभागृहांत आम्हां सर्वांस ह्या दुसऱ्या प्रकारचा धडा मिळाला. प्रयोगाचें साहित्य असें होतें : एक विजेची गिटार, एक बेंजो, एक हार्मोनियम, एक ढोलकी, एक गाणारी विद्यार्थिनी आणि लॅमिंग्टन रस्त्यावरील बाजारांतून नुकताच आणिलेला एक ध्वनिवर्धक व त्याच्या ध्वनिक्षेपकाची भली मोठी लांकडी पेटी. ह्या ध्वनिवर्धकासाठीं विद्यार्थ्यांनीं आपल्या खाऊच्या पैशांतून वर्गणी जमविली होती. यंत्र पसंत न पडल्यास आठ दिवसांत परत करण्याची सवलत दुकानदारानें दिली होती. तेव्हां ही परीक्षा केवळ करमणुकीची नव्हती. मुलांच्या पैशाचें काय होतें हें तींत ठरावयाचें होतें.

प्रथम ह्या वाद्यांची थोडी कुळकथा सांगितली पाहिजे. विजेच्या गिटारीचा जन्म अमेरिकेंत १९३१ च्या सुमारास झाला. जॉर्ज बीचम ह्या वादकानें पोलादी तारांखालीं चुंबक व तारेचें वेटोळें बसवून ती सिद्ध केली. बेंजोची कथा याहून मौजेची आहे. लालबाग-परळच्या चाळींतून ज्याला बेंजो म्हणतात तें वाद्य अमेरिकेंतील बँजो नव्हे. जपानांतील नागोया शहरीं गोरो मोरिता ह्या गृहस्थानें १९१२ मध्यें टंकलेखनयंत्रासारख्या कळा असलेलें ‘ताइशोगोतो’ नांवाचें तंतुवाद्य तयार केलें. तेंच आपल्या देशांत बुलबुलतरंग ह्या नांवानें रूढ झालें आणि गिरणगांवांत येऊन बेंजो झालें. त्याच्या तारांखालीं विजेचें वेटोळें बसलें, जोडीस ढोल-ताशा आला, आणि मिरवणुकींचें तें आवडतें वाद्य होऊन बसलें. ह्या वादकांच्या जीवनावर रवी जाधव ह्यांनीं २०१६ मध्यें ‘बँजो’ हा हिंदी चित्रपटहि काढिला. आमच्या वाद्यवृंदांतील बेंजो वाजविणारा विद्यार्थी लालबागेहून रोज येतो व आपल्या वाडींतील पथकांत वाजवितो, हें पुढील हकीकतीसाठीं लक्षांत ठेवावें.

आतां यंत्राचें काम कसें चालतें तें पाहूं. मायकेल फॅरडे ह्यानें १८३१ मध्यें दाखवून दिलें कीं, वेटोळ्यांतून जाणारें चुंबकत्व बदललें कीं वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. गिटारीच्या तारेखालीं चुंबक असतो व त्याभोंवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे असतात. चुंबकाच्या सान्निध्यानें पोलादी तारहि किंचित् चुंबकमय होते. ती थरथरली कीं वेटोळ्यांतील चुंबकत्व त्याच तालावर बदलतें आणि त्याच तालाची वीज निघते. नायलॉनच्या तारेनें हें कार्य होणार नाहीं. ही वीज फारच दुबळी असते. तिच्यानें ध्वनिक्षेपक हलत नाहीं. म्हणून मध्यें ध्वनिवर्धक लागतो. तो दुबळ्या विजेच्या हुकुमानें सबळ वीज सोडतो, जसा पाटकरी एका हातानें पाटाचें दार वरखालीं करून शेतभर पाणी फिरवितो. हें काम पूर्वीं कांचेच्या नळ्या करीत. ली डी फॉरेस्ट ह्याची तीन अग्रांची नळी १९०६ सालची. १९४७ मध्यें ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि पुढें बहुतेक ठिकाणीं त्यानें नळीची जागा घेतली. गिटारवादकांपैकीं पुष्कळ जण मात्र नळीच्या आवाजाचे आजहि भक्त आहेत.

शेवटचें काम ध्वनिक्षेपकाचें. राइस व केलॉग ह्या दोघां अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९२५ मध्यें जी रचना प्रसिद्ध केली तीच मुख्यतः आजहि चालते. चुंबकाच्या खांचेंत एक हलकें वेटोळें, त्यास चिकटविलेला कागदी शंकु, आणि विजेच्या तालावर त्या शंकूचें पुढेंमागें होणें. येथें विद्यार्थी हटकून विचारतात कीं, शंकूच आवाज करतो तर एवढी जड पेटी कशाला? त्याचें उत्तर असें : शंकु पुढें सरकला कीं पुढील हवा दाबली जाते, त्याच क्षणीं मागील हवा विरळ होते. गिटारीच्या सर्वांत जाड तारेचीं सेकंदास सुमारें ८२ कंपनें होतात व त्या ध्वनीची लाट चार मीटरांहून थोडी अधिक लांब असते. एवढी लांब लाट वीतभर शंकूच्या कडेवरून सहज वळते. मागची लाट पुढच्या लाटेस भेटते व दोन्ही एकमेकींस मारतात. पेटी ही मागच्या लाटेस अडविणारी भिंत होय. पेटीवांचून ध्वनिक्षेपक लावून पाहा. आवाज पत्र्यासारखा पातळ येईल.

आतां प्रत्यक्ष परीक्षेकडे वळूं. यंत्र सुरू होतांच भुंग्यासारखा गुणगुणाट सुरू झाला. आपल्या घरगुती विजेचीं सेकंदास ५० आवर्तनें होतात, त्यांचाच हा नाद. पाहतां पाहतां कारण सांपडलें : कोणीं तरी तीन खुंट्यांचा प्लग दोन खुंट्यांच्या जोडणींत बसविला होता, त्यामुळें जमिनीशीं जोड तुटली होती. ही चूक केवळ कानांस त्रास देणारी नव्हे. गिटारीच्या तारा ध्वनिवर्धकाच्या धातूच्या सांगाड्याशीं जोडलेल्या असतात; यंत्रांत बिघाड झाला आणि जमिनीची तार नसली तर ती वीज वादकाच्या बोटांतून वाट काढील. ती जाड तिसरी खुंटी वादकाच्या जिवाची राखणदार आहे, हें कधींहि विसरूं नये.

गुणगुण थांबली व गाणें सुरू झालें. परीक्षेची रीत आम्हीं अशी ठरविली होती कीं, शेवटच्या रांगेंत दोन विद्यार्थ्यांनीं वही घेऊन बसावें व गाण्याचे जे शब्द कानीं पडतील ते लिहून काढावे. पहिल्या खेपेस त्या वह्यांत अर्धे शब्दहि आले नाहींत. गिटारवाला विद्यार्थी म्हणे, “सर, मला माझेंच वाजविणें ऐकूं येत नाहीं,” आणि कळ पुढें फिरवी. त्यास उत्तर म्हणून बेंजो चढे. ढोलकीवाला हात आपटूं लागला. हार्मोनियम तर दिसत होता, ऐकूं येत नव्हता. गाणारी मुलगी मधेंच थांबली व खालीं मान घालून म्हणाली, “सर, माझ्या जागीं दुसऱ्या कोणास घ्या. माझा आवाज लहान आहे.” तिचे डोळे भरून आले होते. सभागृह क्षणभर अगदीं शांत झालें.

आम्हांस वाटलें, यंत्र कमी पडतें. आवाज सभागृहभर पसरला म्हणजे सर्वांस पुरेल. म्हणून शाळेची एक जुनी पेटी आणवून आम्हीं ती नव्या पेटीस जोडण्यास सांगितलें. दोहोंवर ‘८ ओहम’ असें लिहिलेलें होतें. बेंजोवाला विद्यार्थी चाचरत म्हणाला, “सर, अशा दोन पेट्या लावल्या कीं ओहम निम्मे होतात. आमच्या पथकांत एकदां त्यानें मशीन बसलें होतें.” आम्हीं त्याकडे दुर्लक्ष केलें. तिसऱ्या मिनिटास यंत्र मुकें झालें. ध्वनिवर्धकाच्या पाठीवर स्पष्ट छापलें होतें कीं, ८ ओहमहून कमी रोध जोडूं नये. समांतर जोडलेल्या दोन पेट्यांचा रोध ४ ओहम झाला, वीज दुपटीनें ओढली गेली, आणि संरक्षक व्यवस्थेनें यंत्र बंद केलें. रोधांचा हा नियम आम्ही वर्षानुवर्षें फळ्यावर शिकवीत आलों आहों. परंतु त्या दुपारीं तो आमच्या विद्यार्थ्यास ठाऊक होता व आम्हांस नव्हता. आम्हीं सर्वांसमक्ष त्यास तसें सांगितलें. सुदैवानें यंत्र थंड झाल्यावर पुन्हां बोलूं लागलें. सर्वच यंत्रें इतकी क्षमा करीत नाहींत.

मग आम्ही स्वस्थ बसून विचार करूं लागलों. वादकास आपलें वादन ऐकूं कां येत नाहीं? पेटी जमिनीवर होती व वादक तिच्या अगदीं पुढें उभा होता. ध्वनिक्षेपकांतून तीव्र स्वर सरळ रेषेंत, कंदिलाच्या झोतासारखे निघतात. मंद्र स्वर सर्वत्र पसरतात. तो झोत वादकाच्या पोटऱ्यांवर पडत होता व तेथून थेट श्रोत्यांच्या कानांवर जात होता. पायांस कान नसतात! आम्हीं पेटी एका बाकावर ठेविली व किंचित् मागें कलती केली. झोत वादकाच्या कानीं येतांच तो दचकला आणि त्यानें आपण होऊन कळ सातावरून तिनावर आणिली. बेंजो उतरला, ढोलकीचा हात हलका झाला, हार्मोनियम प्रथमच ऐकूं आला. गाणाऱ्या मुलीचा मायक्रोफोन पेटीच्या समोरून काढून एका बाजूस नेला. समोर असतांना पेटीचा आवाज त्यांत शिरून पुन्हां पेटींतूनच बाहेर पडे व किंकाळी उठे. मग तेंच गाणें झालें. शेवटच्या रांगेंतील वह्यांत एकूण एक शब्द आला. मुलीचा आवाज लहान नव्हताच. आमचा गोंगाट मोठा होता.

ह्या अनुभवाच्या मुळाशीं गणित आहे. ध्वनिवर्धकाची शक्ति १० वॉटांवरून २० वॉटांवर नेली तर ध्वनि अवघा ३ डेसिबलांनीं वाढतो. कानांस आवाज साधारण दुप्पट वाटावयास १० डेसिबल, म्हणजे दसपट शक्ति लागते. म्हणून शंभर वॉटांचें यंत्र दहा वॉटांच्या यंत्राहून दहापट मोठें वाजत नाहीं, सुमारें दुप्पटच वाजतें. वॉटांवर पैसा उधळण्यापूर्वीं पेटीची जागा बदलून पाहावी. तिला पैसा पडत नाहीं.

कानाचें गणित मात्र उलट्या दिशेनें चालतें. कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेंतील राष्ट्रीय संस्थेच्या शिफारशीप्रमाणें ८५ डेसिबलांचा ध्वनि दिवसांतून आठ तास सोसावा. त्यापुढें दर ३ डेसिबलांस वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलांस फक्त पंधरा मिनिटें. अंतःकर्णांतील ज्या सूक्ष्म केशपेशी अशा आवाजानें मरतात त्या मनुष्याच्या शरीरांत पुन्हां उगवत नाहींत. वादक व श्रोता दोघांनींहि हें ध्यानीं धरावें.

आणि जो श्रोता होऊं इच्छित नाहीं त्याचें काय? परळ भागांत के. ई. एम. रुग्णालय १९२६ पासून व टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून रुग्णांची सेवा करीत आहेत. तेथें खाटेवर पडलेल्या मनुष्यास कळ फिरवितां येत नाहीं. भारत सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं निवासी भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५, आणि शांतता क्षेत्रांत दिवसा ५० व रात्रीं ४० डेसिबल अशी मर्यादा घातली आहे. तेथें रात्र म्हणजे दहापासून सकाळीं सहापर्यंत. उत्सव सर्वांचा असतो. म्हणूनच त्यांत आजाऱ्याचाहि वाटा धरला पाहिजे. आमच्या सभागृहाच्या मागील चाळींत एक वृद्ध आजी अंथरुणास खिळून आहेत. तालमीच्या वेळीं त्या बाजूच्या खिडक्या लावून घ्याव्या व संध्याकाळीं सात वाजतां यंत्र बंद करावें, असें विद्यार्थ्यांनींच ठरविलें.

आमच्या शेजारींच, चर्नी रोड स्थानकानजीक, रॉयल ऑपेरा हाऊस उभें आहे. त्याचें उद्घाटन १९११ मध्यें झालें व जीर्णोद्धारानंतर तें २०१६ मध्यें पुन्हां उघडलें. तें बांधलें तेव्हां नाट्यगृहांत विजेचे ध्वनिवर्धक नव्हते. वास्तूची रचना, गायकाचा गळा व प्रेक्षकांची शांतता ह्या तिहींवर काम भागे. संगीत नाटकांच्या त्या युगांत गंधर्व नाटक मंडळीच्या तबल्यावर अहमदजान थिरकवां ह्यांच्यासारखा वादक बसे. ज्याच्या बोटांत एवढें सामर्थ्य तोहि साथीस बसला कीं गायकाच्या खालीं राहून वाजवी. साथ म्हणजे काय, हें ह्याहून अधिक काय सांगावें? उथळ पाण्यासच खळखळाट फार.

आम्हीं यंत्र परत केलें नाहीं. यंत्र चांगलेंच होतें. परीक्षेंत नापास झालों होतों ते आम्ही. स्नेहसंमेलनाच्या दिवशीं सभागृह भरल्यावर आणखी एक गोष्ट दिसून आली. माणसांचीं अंगें व कपडे ध्वनि शोषून घेतात, त्यामुळें रिकाम्या सभागृहांत घुमणारा आवाज भरल्या सभागृहांत कोरडा होतो. गिटारवाल्यानें कळीस हात घातला, मग गाणारीकडे पाहिलें, आणि एक अंश मात्र वाढविला. तेवढ्यानेंच भागलें.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हीहि पुढें अशीं यंत्रें विकत घ्याल. घेण्यापूर्वीं एवढें करा : जमिनीची खुंटी तपासा, पाठीवरील ओहम वाचा, पेटी कानाच्या उंचीवर आणा, शेवटच्या रांगेंत वही देऊन एकास बसवा. आणि ज्याला तुमच्यापेक्षां अधिक ठाऊक आहे तो वयानें लहान असला तरी त्याचें ऐका. ध्वनिवर्धक आवाज वाढवितो. ऐकण्याची कळ मात्र ज्याची त्यानेंच फिरवावयाची असते.