सर्दी एक, कारणे दोन

मुंबईच्या उत्तर सीमेवरील दहिसर उपनगराच्या एका अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे अरण्य, तर दुसऱ्या अंगाला खाडीकाठची तिवरे आहेत. मधून पश्चिम रेल्वे आणि द्रुतगती महामार्ग जातात. पावसाळ्यात घरांच्या भिंतींना ओल येते आणि महामार्गावर वाहनांचा धूर बारमाही असतो. अशा वस्तीत नाक वाहणे ही कोणाला विशेष गोष्ट वाटत नाही. परंतु महिनोन्महिने टिकणारी प्रत्येक सर्दी एकाच जातीची नसते. तिचे कारण ओळखण्यात चूक झाली, तर औषधोपचारही चुकतो.

दोन रुग्णांचे उदाहरण

तळमजल्यावरील ओलसर खोलीत राहणारा दहा वर्षांचा एक शाळकरी मुलगा कल्पनेत आणावा. सकाळी अंथरुणातून उठताच त्याला शिंकांमागून शिंका येतात, नाकातून पाण्यासारखा स्राव वाहतो, डोळे आणि टाळू खाजतात. तळहाताने नाक वर घासण्याची त्याला सवय जडली आहे. वडिलांना दमा आहे. दुसरा रुग्ण पंचेचाळिशीचा रिक्षाचालक. त्याचे नाक धुराने, उदबत्तीच्या वासाने, गार वाऱ्याने किंवा तिखट जेवणाने चोंदते व गळते. खाज मात्र नाही, शिंकाही थोड्या. हा त्रास चाळिशीनंतर सुरू झाला.

पहिल्याची सर्दी ॲलर्जीची असण्याचा संभव मोठा आहे, तर दुसऱ्याची बहुधा ॲलर्जीविरहित आहे.

भेदाचे मूळ

ॲलर्जीमध्ये शरीराची संरक्षक यंत्रणा एखाद्या निरुपद्रवी पदार्थाला शत्रू मानते व त्याविरुद्ध 'आयजीई' नावाचे प्रतिपिंड तयार करते. तो पदार्थ पुन्हा नाकात शिरताच तेथील पेशींतून हिस्टामिन बाहेर पडते आणि खाज, शिंका व स्राव सुरू होतात. गादी-उशीतील धुळीत वाढणारे, कोळ्याच्या कुळातील सूक्ष्म माइट, भिंतीवरील बुरशी, झुरळे, पाळीव प्राणी आणि परागकण ही त्याची नेहमीची कारणे होत. माइट व बुरशी या दोहोंना दमट हवा मानवते.

ॲलर्जीविरहित प्रकारात हे प्रतिपिंड कारणीभूत नसतात. बहुधा नाकातील चेतातंतू व रक्तवाहिन्या धूर, उग्र वास वा तापमानातील बदल यांना अवाजवी प्रतिसाद देतात. गर्भावस्था, थायरॉइडचे विकार आणि रक्तदाबावरील काही औषधे यांमुळेही असा त्रास होऊ शकतो.

तपासणी व उपचार

निदानाचा पाया रुग्णाची हकीकत हाच होय. तिला त्वचाचाचणीची जोड देता येते. हातावर संशयित पदार्थांचे थेंब ठेवून हलकेच टोचतात आणि पंधरा ते वीस मिनिटांनी गांधी उठते काय, हे पाहतात. चाचणीपूर्वी काही दिवस ॲलर्जीच्या गोळ्या वैद्यकीय सल्ल्याने थांबवाव्या लागतात. रक्तातील विशिष्ट आयजीईचीही तपासणी होते. तथापि, चाचणीचे उत्तर हकीकतीशी जुळले, तरच त्याला अर्थ असतो. काही रुग्णांत दोन्ही प्रकार एकत्र आढळतात, हेही ध्यानी घ्यावे.

शाळकरी मुलाला हिस्टामिनविरोधी गोळ्या व नाकात मारावयाचे स्टेरॉइड फवारे गुणकारी ठरतात. त्याचबरोबर ओल दूर करणे, चादरी-अभ्रे दर आठवड्याला कढत पाण्यात धुणे आणि केर झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसणे इष्ट. रिक्षाचालकाला मात्र त्याच गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. उलट, जुन्या प्रकारच्या गोळ्यांनी गुंगी येते, आणि वाहन चालविणाऱ्याला ती जिवावर बेतू शकते. त्याच्यासाठी धूर टाळणे, मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि डॉक्टरांनी ठरविलेला फवारा हा मार्ग आहे.

नाक तत्काळ मोकळे करणारे थेंब दोन्ही रुग्णांनी जपून वापरावेत. तीन ते पाच दिवसांहून अधिक काळ वापरल्यास त्यांचा अंमल उतरताच नाक पूर्वीपेक्षा अधिक चोंदते. रुग्ण पुन्हा थेंब घालतो, आणि औषधच रोगाचे कारण बनते.

केव्हा विलंब नको

एकाच नाकपुडीतून सतत स्राव, रक्त वा दुर्गंधी येत असल्यास, डोक्याला मार लागल्यानंतर पाण्यासारखा स्राव सुरू झाल्यास, अथवा धाप लागून छातीत घरघर होत असल्यास त्वरित डॉक्टरांकडे जावे. ॲलर्जीची सर्दी आणि दमा यांचे नाते निकटचे असल्याने अखेरच्या लक्षणाकडे दुर्लक्ष नको.

इतरांनी दोन-तीन आठवडे एक साधी वही ठेवावी. त्रास कोणत्या वेळी झाला, कोठे झाला, खाज होती काय, घराबाहेर गेल्यावर बरे वाटले की वाढले, एवढेच तीत लिहावे. ती वही घेऊन कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे गेलेला रुग्ण निदानाचा अर्धा मार्ग स्वतःच चालून आलेला असतो.