फुल मेस की कूपन?

सेमिस्टर सुरू झालं की होस्टेलवर एकच चर्चा: फुल मेस लावायची की कूपनवर जेवायचं? गेल्या वर्षी आमच्या मेसमध्ये फुल मेस महिन्याला ३००० रुपये होती, खाडा झाला तरी पैसे वजा नाहीत. कूपनवाल्यांना दरमहा कार्डाचे ३०० (परत मिळत नाहीत) आणि प्रत्येक जेवणाचे ६०.

मित्रांनो, दहावीच्या गणित भाग १ मधलं पहिलंच प्रकरण आठवा, 'दोन चलांतील रेषीय समीकरणे'. महिन्यातली जेवणं क्ष आणि खर्च य मानला, तर फुल मेससाठी य = ३००० आणि कूपनसाठी य = ३०० + ६०क्ष. ग्राफवर पहिली रेषा आडवी, दुसरी ३०० पासून चढत जाणारी. दोघी छेदतात तिथे ३०० + ६०क्ष = ३०००, म्हणजे क्ष = ४५. त्याहून कमी जेवणार असाल तर कूपन स्वस्त, जास्त जेवणार असाल तर फुल मेस.

तीस दिवसांची ६० जेवणं. रविवारी रात्री मेस बंद, म्हणून चार गेली, उरली ५६. मी शनिवार-रविवार घरी जातो, सबमिशनच्या रात्री टपरीवर. माझी भरली ३८. खर्च २५८०, सरळ ४२० रुपये वाचले! मग काय, अख्ख्या विंगला हे गणित सांगत सुटलो.

रूमपार्टनरनेही ऐकून कूपन घेतलं. त्याचं गाव लांब, तो दिवाळीलाच घरी जाणार, म्हणजे त्याचा क्ष ५० च्या पुढे. त्याला फुल मेसच परवडली असती, हे मी पाहिलंच नाही. आणि खरी गडबड पुढेच होती. फुल मेसवाल्याला पुढचं ताट फुकटच पडतं. कूपनवाल्याला प्रत्येक ताटाला ६० मोजावे लागतात, त्या रेषेचा चढच ६०! घरून मोजके पैसे येणारा हा पठ्ठ्या रात्री "भूक नाही रे" म्हणत चहा-बिस्किटांवर झोपू लागला. महिनाअखेर त्याची जेवणं ३१, खर्च २१६०. कागदावर ८४० रुपयांची बचत. त्याच आठवड्यात प्रॅक्टिकलला उभ्या उभ्या चक्कर येऊन पडला.

क्ष आधीच ठरलेला आहे, असं मी धरून चाललो होतो. प्लॅन बदलला की माणसाचा क्षसुद्धा बदलतो, हे त्या दोन समीकरणांत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

यंदा कूपन ६५ आणि फुल मेस ३२५० झालीय, कार्ड तेवढंच. क्ष पूर्णांकात येत नाही. अर्धं जेवण कुणी देत नसल्याने ४६ धरा. रूमपार्टनर आता फुल मेसवर आहे. मी अजून कूपनवरच, पण रात्री त्याला हाक मारल्याशिवाय खाली उतरत नाही.