विद्युत मोटारीची नोंदवही : उपयोग आणि दक्षता

जरीचे कापड आणि हिऱ्यांचे पैलूकाम यांसाठी प्रसिद्ध असलेल्या सुरत शहरात, विशेषतः लिंबायत व उधना या भागांत, खानदेशातून येऊन स्थायिक झालेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. सणावाराला, लग्नकार्याला नंदुरबार, धुळे, जळगावकडे त्यांची ये-जा सुरूच असते. गुजरात शासनाने जून २०२१ मध्ये विद्युत वाहन धोरण जाहीर केले. चार वर्षांत दोन लाख विद्युत वाहने रस्त्यावर आणण्याचे उद्दिष्ट त्यात होते आणि बॅटरीच्या क्षमतेनुसार दर किलोवॉट-तासामागे १०,००० रुपये साहाय्याची तरतूद होती. विद्युत मोटारी आता ग्रामीण भागातील वाचकांनाही अपरिचित राहिलेल्या नाहीत. परंतु या मोटारीचे वेगळेपण केवळ इंधनात नाही. ती धावत असताना स्वतःची नोंदवही लिहीत असते, ही गोष्ट अनेक मालकांच्या लक्षात येत नाही.

नोंद कशी होते?

इंटरनेटशी जोडलेल्या मोटारीत भ्रमणध्वनीप्रमाणेच एक सिम बसविलेले असते. वेग, ब्रेकचा वापर, बॅटरीतील शिल्लक वीज, तिचे तापमान, मोटारीचे स्थान व वेळ ही माहिती मोटारीतील संगणक गोळा करतो आणि सिमच्या द्वारे कंपनीच्या केंद्रीय संगणकाकडे पाठवितो. त्यातील काही भाग मालकाला आपल्या फोनवरील ॲपमध्ये दिसतो. समजा, एखादे कुटुंब सुरतहून बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर या मार्गाने धुळ्यास निघाले. सुमारे सव्वादोनशे किलोमीटरच्या या प्रवासात मोटार कोठे थांबली, किती वेळ थांबली, बॅटरी कोठे चार्ज झाली, घाटात वेग किती होता, याची टिपणे मोटारीतील कोणीही काही न लिहिता तयार होतात.

नोंदीचे लाभ

या माहितीचा उपयोग मोठा आहे. शिल्लक वीज पुढील चार्जिंग केंद्रापर्यंत पुरेल की नाही, याचा अंदाज येतो. बॅटरी हा विद्युत मोटारीचा सर्वांत महाग भाग होय. तिच्यातील बिघाडाची पूर्वसूचना वेळीच मिळाल्यास पुढील खर्च व धोका टळू शकतो. चोरीला गेलेली मोटार शोधण्यास मदत होते. बस, टॅक्सी यांसारख्या नवीन सार्वजनिक वाहनांत स्थान दर्शविणारे यंत्र व संकटसमयी दाबावयाचे बटण १ जानेवारी २०१९ पासून सक्तीचे झाले, ते प्रवाशांच्या, विशेषतः महिलांच्या, सुरक्षिततेसाठीच. नवीन चार्जिंग केंद्र कोठे उभारावे हेही अशा नोंदींवरून ठरविता येते. मात्र त्यासाठी किती मोटारी कोठे थांबतात एवढे कळणे पुरेसे असते. मोटारींत कोण बसले होते, हे कळण्याची गरज नसते.

दक्षता कशासाठी?

मोटारीची नोंद ही माणसाचीही नोंद असते. मोटार रोज रात्री जेथे उभी राहते ते घर, दिवसा जेथे उभी राहते ते कामाचे ठिकाण. दवाखान्याच्या वारंवार होणाऱ्या फेऱ्यांवरून घरातील आजारपणही ओळखता येते. जर्मनीत डिसेंबर २०२४ मध्ये उघडकीस आलेल्या प्रकारात फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे ८ लाख विद्युत मोटारींची माहिती अपुऱ्या संरक्षणामुळे इंटरनेटवर पोहोचण्याजोगी राहिली होती. त्यांपैकी सुमारे ४ लाख ६० हजार मोटारींची स्थाने त्यावरून कळू शकत होती. अमेरिकेत जनरल मोटर्सने चालकांची नीट संमती न घेता वाहनचालनाची माहिती विकल्याचा आरोप तेथील व्यापार आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये ठेवला. अशा माहितीचा वापर विम्याचे दर ठरविण्यासाठी झाला, असेही आयोगाचे म्हणणे होते.

आपल्या देशातही विमा नियामक प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये, मोटार किती व कशी चालविली यानुसार हप्ता ठरविण्याच्या योजनांना परवानगी दिली. कमी मोटार चालविणाऱ्यास त्यांचा लाभ होऊ शकतो. परंतु आपण कोणती माहिती देत आहोत, हे समजून घेऊनच अशी योजना स्वीकारणे इष्ट होय.

कायद्याचा आधार

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती कशासाठी घेतली जाते हे स्पष्ट सांगणे, संमती जितक्या सहजतेने दिली तितक्याच सहजतेने ती मागे घेता येणे, आणि चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क या त्यातील प्रमुख बाबी होत. संमतीपूर्वीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय असावी, असेही कायदा सांगतो. या अनुसूचीत मराठी व गुजराती दोन्ही भाषा आहेत. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात व अर्धे गुजरातमध्ये असले, तरी हा केंद्रीय कायदा फलाटाच्या दोन्ही टोकांना सारखाच आहे.

मालकांनी काय करावे?

मोटार घेताना कोणती माहिती कोठे जाते, हे विक्रेत्यास विचारावे. ॲपमधील अनावश्यक परवानग्या बंद कराव्यात. ॲपचा परवलीचा शब्द इतरांस सांगू नये. जुनी मोटार विकताना केवळ आर. सी. बुकावरील नाव बदलून काम संपत नाही. ॲपमधील आपले खाते मोटारीपासून तोडावे व मोटारीतील साठविलेले पत्ते, फोन क्रमांक पुसावेत. मोटार घेणाऱ्यानेही पूर्वीच्या मालकाचे खाते बंद झाल्याची खात्री करून घ्यावी. अन्यथा आपल्या घरातील मुलगी किंवा सून मोटार घेऊन कोठे गेली, हे एखाद्या परक्या माणसास त्याच्या फोनवर दिसत राहील.

शिक्षकांनी हा विषय वर्गात आणि ग्रामसेवकांनी ग्रामसभेत अवश्य मांडावा. जमिनीच्या कागदावर अंगठा उठविण्यापूर्वी तो वाचून घ्यावा, हे गावोगावी सांगावे लागले. फोनच्या पडद्यावरील ‘मान्य आहे’ या शब्दांवर बोट ठेवण्यापूर्वीही तीच सवय लावून घेणे आवश्यक आहे.