साहांचे समीकरण

सूर्यप्रकाश लोलकातून जाऊ दिला असता त्याचा सप्तरंगी पट्टा उमटतो, हे सर्वांस ठाऊक आहे. चांगल्या उपकरणाने पाहिल्यास या पट्ट्यात असंख्य काळ्या रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. म्हणून सूर्यावर लोखंड, सोडियम, कॅल्शियम आहे, हे एकोणिसाव्या शतकातच समजले होते. परंतु एक कोडे उरले. काही ताऱ्यांच्या वर्णपटात हायड्रोजनच्या रेषा ठळक, तर काहींच्या वर्णपटात धातूंच्या. मग तारे निरनिराळ्या द्रव्यांचे घडले आहेत काय? रुबिडियम हा धातू पृथ्वीवर सापडतो. सूर्याच्या वर्णपटात त्याचा मागमूसही नव्हता. तो तेथे मुळीच नाही काय?

याचे उत्तर १९२० साली कलकत्त्याहून आले. ते देणारे मेघनाद साहा ढाक्याजवळच्या एका खेड्यातील किरकोळ दुकानदाराचे पुत्र. जन्म ६ ऑक्टोबर १८९३. गावी पुढील शिक्षणाची सोय नव्हती. दूरच्या एका डॉक्टरांनी त्यांस घरी ठेवून घेतले. मोबदल्यात गाईची देखभाल करायची आणि आपले ताट आपण घासायचे. कलकत्त्यास प्रफुल्लचंद्र राय यांच्याकडून त्यांनी रसायनशास्त्राचे धडे घेतले. जर्मन भाषाही ते शिकले होते व तिचा त्यांना फार उपयोग झाला. विद्यापीठात उष्णतेचे शास्त्र शिकविताना जर्मन शास्त्रज्ञांचे नवे निबंध ते मुळातूनच वाचीत.

साहांचा विचार चुन्याच्या भट्टीवरून चांगला कळतो. चुनखडी तापविली म्हणजे तिच्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो व चुना उरतो. वायू निघून जाऊ दिला तर काम झपाट्याने होते. तो कोंडून ठेवला तर पुन्हा चुन्याशी मिळतो आणि चुनखडीचे फुटणे थांबते. उष्णता फोडते, दाब जोडतो. किती फुटेल व किती जुळेल, याचे गणित रसायनशास्त्रज्ञांना येत होते. साहांनी तेच गणित अणूला लावले. प्रखर उष्णतेत अणूतून इलेक्ट्रॉन सुटतो. दाब अधिक असल्यास तो लवकर परत मिळतो. इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूच्या रेषा निराळ्या असतात. म्हणून रेषा बदलल्या की द्रव्य बदलले असे नव्हे. बहुधा तपमान बदललेले असते!

रुबिडियमचा इलेक्ट्रॉन फार सैल असतो. सूर्याच्या उष्णतेत तो सुटतो आणि त्या धातूच्या ओळखीच्या रेषा नाहीशा होतात. सूर्यावरील डाग त्या मानाने थंड. तेव्हा तेथे त्या सापडाव्यात, असे साहांनी सांगितले. अमेरिकेतील हेन्री नॉरिस रसेल यांनी डागांचा वर्णपट तपासला आणि रुबिडियम सापडले. साहांजवळ मात्र मोठी दुर्बीण कधीच नव्हती.

शास्त्रज्ञ निबंध लिहिताना ज्याच्या कामाचा आधार घेतो, त्याचे नाव नमूद करतो. यास संदर्भ म्हणतात. हल्ली असे संदर्भ मोजून निबंधाचे वजन ठरविण्याची पद्धत आहे. साहांच्या बाबतीत ही मोजणी तोकडी पडते; कारण त्यांचे समीकरण पाठ्यपुस्तकांत इतके मुरले की, मूळ निबंधाचा उल्लेख न करताच लोक ते वापरतात.

त्याचा सर्वांत धाडसी उपयोग सेसिलिया पेन या इंग्रज तरुणीने केला. केंब्रिज येथे तिचे शिक्षण झाले, पण तेथे तेव्हा स्त्रियांस पदवी देत नसत. १९२३ साली ती अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत आली. साहांच्या समीकरणाने तिने ताऱ्यांतील द्रव्यांचे प्रमाण काढले. इतर बहुतेक मूलद्रव्ये पृथ्वीवरील प्रमाणाशी जुळली. हायड्रोजन मात्र धातूंच्या सुमारे दहा लाख पट निघाला! हे अशक्य आहे, असे रसेल यांनी तिला कळविले. रसेल यांचा अधिकार मोठा, आणि पेन अवघ्या पंचवीस वर्षांची. १९२५ च्या आपल्या प्रबंधात तिने स्वतःच लिहिले की, हे आकडे बहुधा खरे नसावेत.

ते खरे होते. १९२९ साली रसेल निराळ्या मार्गाने त्याच निष्कर्षास पोचले. आपल्या निबंधात त्यांनी पेन यांच्या कामाचा संदर्भ दिला. तरीही पुष्कळ वर्षे लोक या शोधाशी रसेल यांचेच नाव जोडीत. १९५६ साली हार्वर्डने पेन यांस प्राध्यापकपद दिले. त्याच वर्षी १६ फेब्रुवारीस दिल्ली येथे साहांचे निधन झाले.